सहा जणांचा एक सिनेमा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका ताईंनी लिहिलं आहे. घरात सहा माणसं. सासरे ऐंशीच्या घरात, त्यांना कमी ऐकू येतं आणि कानातलं यंत्र लावायला ते कंटाळतात. सासूबाईंना 'पौराणिक आणि मालिका सोडून काही आवडत नाही'. मुलगी नववीत, मुलगा दुसरीत, नवरा आठवडाभर दमलेला. रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र सिनेमा बघायचा असं ताईंनी ठरवलं, पण निवडण्यातच तासभर जातो. गाजलेले सिनेमे प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर आधीच पाहिलेले असतात. मध्यंतरी 'सहकुटुंब पाहावा' अशी शिफारस वाचून एक सिनेमा लावला. थोड्याच वेळात असा प्रसंग आला, की सासूबाई पोथीचं निमित्त करून उठल्या, मुलगी खोलीत निघून गेली आणि धाकट्याने कार्टूनसाठी हट्ट धरला. नवऱ्याचं म्हणणं, ज्याला जे बघायचं ते बघू दे. दिवाळीत परदेशातून नणंद आणि तिची दोन मुलं येणार आहेत. त्या मुलांना मराठी जेमतेम समजतं. 'सगळ्यांना आवडतील असे, फारसे कुणी न पाहिलेले सिनेमे सुचवा. की मी उगाच जुन्या काळासारखं काहीतरी मागतेय?' असं त्या विचारतात.

ताई, तुम्ही उगाच काही मागत नाही आहात. सिनेमे मी सुचवणारच आहे. पण तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टींपाशी मी अडखळले. त्यांचा विचार न करता नुसती नावं दिली, तर पुढच्या रविवारीही तेच होईल.

पहिली गोष्ट म्हणजे 'सगळ्यांना आवडेल असा'. एवढ्या वेगवेगळ्या वयाच्या सहा माणसांना सारखाच आवडेल असा सिनेमा शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही, आणि दर वेळी अपयशाचं खापर तुमच्या डोक्यावर फुटेल. मी सिनेमा निवडताना एवढंच बघते, की घरातल्या प्रत्येकाला त्या गोष्टीत आपलं म्हणावं असं एखादं माणूस भेटतंय का. परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) घ्या. पंढरपुरातलं घर, वडील गेलेले, आई कर्ज काढून घेतलेल्या मशीनवर स्वेटर विणून संसार चालवते. हप्ते थकतात आणि वडिलांनी बनवलेली 'एलिझाबेथ' नावाची सायकल विकायची वेळ येते. ती वाचवायला ज्ञानेश आणि त्याची बहीण ऐन कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. तुमचा धाकटा त्या दुकानात रमेल. मुलीला न्यूटनला मानणारा, डोक्याने चालणारा ज्ञानेश भेटेल. सासूबाईंना पंढरपूर आणि वारीची गर्दी ओळखीची वाटेल. हप्त्याची तारीख जवळ आली की त्या आईच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना कुणी समजावून सांगावं लागणार नाही. बघताय सगळे एकच सिनेमा, पण प्रत्येकजण तो आपल्या जागेवरून बघतोय. एकत्र बघण्याची मजा मला तरी यातच वाटते. मुलांच्या तोंडी काही रांगडे शब्द येतात, तेवढी तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे 'सहकुटुंब' या शिक्क्यावर तुम्ही टाकलेला विश्वास. सिनेमावरचं प्रमाणपत्र काय सांगतं? त्यात हिंसा, शिवीगाळ, शृंगार किती आहे ते. आता 'यूए'मध्येही ७+, १३+, १६+ असे वयाचे टप्पे आले आहेत, ते जरूर बघा, उपयोगाचे आहेत. पण सिनेमात काय नाही हे कळल्याने त्यात काय आहे ते कळत नाही. काहीही आक्षेपार्ह नसलेला सिनेमा अगदी कंटाळवाणा असू शकतो, आणि 'लहान मुलांसाठी' म्हणून केलेला सिनेमा मोठ्यांना तर सोडाच, मुलांनाही पोरकट वाटतो. म्हणून शिफारस कुणाचीही असो, माझीसुद्धा, घरातल्या एका मोठ्या माणसाने सिनेमा आधी बघून घ्यावा. ते माणूस दर वेळी तुम्हीच असायचं कारण नाही. रात्री दमून मोबाइलवर काहीतरी बघतच पडलेल्या यजमानांना एकदा हे काम सांगून पाहा.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. सासूबाईंना पौराणिक सोडून काही आवडत नाही, हे त्या म्हणाल्या की तुम्ही ठरवलंत? त्या दिवशी त्या उठल्या, ते कदाचित सिनेमा आवडला नाही म्हणून नसेलही. मुलासमोर, सुनेसमोर आणि नातवंडांसमोर तो प्रसंग बघताना त्यांना अवघडलं असेल, आणि तुम्हालाही अवघडू नये म्हणून त्या निघून गेल्या असतील. पोथीचं निमित्त करणं हा त्यांचा समंजसपणाही असू शकतो. त्यांना एकदा निवांत विचारा, लग्नाआधी थिएटरात जाऊन काय पाहिलं होतं, कुणाबरोबर गेला होता. उत्तर ऐकून तुमची त्यांच्या आवडीबद्दलची कल्पना बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

'फारसे कुणी न पाहिलेले' हे मात्र तुम्ही अगदी बरोबर मागितलंत. गाजलेल्या सिनेमाचे तुकडे आधीच सगळ्यांच्या मोबाइलवरून फिरून गेलेले असतात. शेवट माहीत असतो, गाणी पाठ असतात, आणि घरातलं कुणी ना कुणी 'मी पाहिलाय, काही खास नाही' म्हणून मोकळं होतं. अनोळखी सिनेमासमोर आजी आणि नात सारख्याच नव्या असतात. पुढे काय होणार ते दोघींनाही ठाऊक नसतं. फक्त एक सावधगिरी बाळगा. महोत्सवांत वाखाणलेले सिनेमे पुष्कळदा संथ असतात. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मला अतिशय प्रिय आहे. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या मुलाची ती गोष्ट बर्लिनच्या महोत्सवात क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळवून आली. पण तुमच्या घरात पहिल्याच रविवारी तो लावू नका. मुलीबरोबर तुम्ही दोघींनीच तो बघा, तिच्या वयाला तो फार जवळचा वाटेल.

आता तुमच्या घरासाठी सुरुवात कुठून करायची ते सांगते. पहिला सिनेमा अगदी छोटा असू द्या. 'द रेड बलून' नावाचा १९५६ सालचा फ्रेंच लघुपट आहे, जेमतेम पस्तीस मिनिटांचा. पॅरिसच्या जुन्या, करड्या गल्ल्यांमधून शाळेत जाणाऱ्या एका मुलाच्या मागे एक लाल फुगा कुत्र्याच्या पिल्लासारखा फिरतो, एवढीच गोष्ट. बोलणं जवळजवळ नाहीच, तरीही त्याला पटकथेचं ऑस्कर मिळालं. तुमच्या पत्रातल्या दोन अडचणी इथे आपोआप सुटतात. सासऱ्यांना ऐकू आलं नाही तरी काही निसटत नाही, आणि दुसरीतल्या मुलाला वाचावं लागत नाही. शेवटाकडे मुलगा रडवेला होईल. तिथे घाईने बंद करू नका, पुढचं त्याला बघू द्या.

सासऱ्यांबद्दल आणखी थोडं लिहावंसं वाटतं, कारण पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख एका ओळीत आटोपलात. कमी ऐकू येणारा माणूस घरच्या टीव्हीसमोर फार एकटा पडतो. सगळे हसतात तेव्हा तोही हसतो, पण कशाला ते त्याला कळलेलं नसतं. दर वेळी 'काय म्हणाला?' विचारायची लाज वाटते, म्हणून हळूहळू तो बसणंच सोडतो. तेव्हा संवाद नसलेला एखादा सिनेमा अधूनमधून मुद्दाम त्यांच्यासाठी लावा. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'पुष्पक' (१९८७) दोन तासांहून मोठा आहे, पण त्यात एकही संवाद नाही. नोकरी नसलेला एक तरुण दारूच्या नशेत पडलेल्या श्रीमंत माणसाला उचलून आणतो आणि पंचतारांकित हॉटेलातल्या त्याच्या खोलीत त्याच्या नावाने राहू लागतो. त्याचा काटा काढायला आलेला मारेकरी बर्फाचे सुरे बनवतो, आणि ते वितळत जातात. हा सिनेमा सासरे इतरांइतकाच, कदाचित जास्तच, समजून बघतील. घरातल्या घरात चाललेली फसवणूक आणि पैशाची हाव त्यात आहे, म्हणून धाकट्यासाठी तुम्ही आधी बघून ठरवा. मुलीला मात्र नक्की दाखवा. मराठी सिनेमा लावलात तरी खाली अक्षरं येत असतील तर ती चालू ठेवा, आणि आवाज टीव्हीवरच वाढवण्यापेक्षा एखादा छोटा स्पीकर त्यांच्या खुर्चीजवळ ठेवा.

तुमच्या घरातल्या हसण्यासाठी उमेश कुलकर्णींचा 'वळू' (२००८). गावात डुरक्या नावाचा मोकाट वळू माजलाय, त्याला पकडायला वनाधिकारी येतो आणि सोबत कॅमेरा घेऊन त्याचा धाकटा भाऊ. गावातला प्रत्येकजण कॅमेऱ्यासमोर आपली वेगळीच हकिकत सांगतो. गावचं राजकारण, देवाला सोडलेला वळू म्हणून त्याच्याबद्दलची भीती आणि माया, हे सगळं सासू-सासऱ्यांच्या पिढीने जवळून पाहिलेलं असतं. मुलांना 'देवाला सोडणं' म्हणजे काय ते ठाऊक नसेल. ते सांगायचा मान आजोबांना द्या, तुम्ही सांगू नका.

आणि नाशिककरांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' चुकवू नये. हाही परेश मोकाशींचाच. तुमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' कसा उभा केला, त्याची ही गोष्ट. आपण या माणसाबद्दल पाठ्यपुस्तकात इतकं गंभीर वाचलेलं असतं, की हा सिनेमा एवढा खेळकर आहे याचंच नवल वाटतं. घरातलं सामान विकलं जातंय, फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वयंपाकही सांभाळतायत आणि फिल्मची कामंही, मुलगाच रोहिदासाची भूमिका करतोय. अख्खं कुटुंब मिळून एक वेड पार पाडतंय. कुटुंबाने एकत्र बघण्यासाठी याहून योग्य गोष्ट मला सुचत नाही. बघून झाल्यावर एखाद्या रविवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात मुलांना घेऊन जा.

परभाषेतल्या सिनेमांना घाबरू नका. मजीद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) हा इराणी सिनेमा दीड तासाचाच आहे. ऑस्करच्या अंतिम पाचांत पोचलेला तो पहिला इराणी सिनेमा. अली नावाच्या मुलाच्या हातून बहिणीचे नुकतेच शिवून आणलेले बूट हरवतात. घरात पैसे नाहीत, वडिलांना सांगायची सोय नाही. मग भाऊ-बहीण एकच जोड वापरतात. तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची. ती सुटली की गल्लीबोळांतून धावत येते, बूट बदलून तो धावत सुटतो. पुढे त्या बहिणीला, झाहराला, ते हरवलेले बूट शाळेतल्या दुसऱ्याच मुलीच्या पायात दिसतात. दोघं भावंडं तिच्या मागोमाग तिच्या घरापर्यंत जातात. दारातून तिचे आंधळे वडील बाहेर पडताना दिसतात, आणि दोघं काही न बोलता परत फिरतात. तिथे कुणीही उपदेश करत नाही. अलीचे वडील मशिदीसाठी आणलेली साखर फोडत बसलेले असतात, पण स्वतःच्या चहात त्यातला एक खडाही टाकत नाहीत, घरची साखर मागतात. हे बघताना तुमच्या सासूबाईंना तेहरान परकं वाटणार नाही.

याच जातीचा, पण जास्त खोडकर असा तमिळ सिनेमा 'काक्का मुट्टै'. एम. मणिकंदन यांचा. चेन्नईच्या झोपडपट्टीतले दोन भाऊ कावळ्याची अंडी काढून खात असतात. ते झाड तोडलं जातं, तिथे पिझ्झाचं दुकान उभं राहतं, आणि आता यांना पिझ्झा खायचाय. रुळांजवळ पडलेला कोळसा वेचून ते पैसे जमवतात. आजी जाहिरातीतलं चित्र बघून तव्यावर 'पिझ्झा' करून देते. ती आजी आणि ती पोरं यांच्यासाठी हा सिनेमा घरातल्या आजीने बघायलाच हवा. 'एलिझाबेथ एकादशी' आणि हा, दोघांना त्या वर्षीचा बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला होता. लागोपाठच्या दोन रविवारी बघितलेत तर मुलं आपण होऊन दोन्हींची तुलना करतील.

खाली इंग्रजी अक्षरं आहेत, ती कोण वाचणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. तुमची मुलगी. चातुर्मासात घरी एकजण पोथी वाचतो आणि बाकीचे ऐकतात, तसं तिने मराठीत सांगत जायचं. शब्दन् शब्द सांगायची गरज नाही. अशा सिनेमांत बोलणं कमी असतं, चेहऱ्यांवरून निम्मं कळतं. पहिली दहा मिनिटं ती कुरकुर करेल. मग आजी-आजोबा तिच्याकडे वळून 'आता काय म्हणाला?' विचारायला लागतील आणि ती खोलीत निघून जाणार नाही, कारण तिच्यावाचून सगळ्यांचं अडेल. हिंदीच हवं असेल तर विशाल भारद्वाज यांचा 'द ब्लू अम्ब्रेला' आहे. हिमाचलातल्या एका मुलीची निळी जपानी छत्री आणि ती हवी म्हणून झुरणारा दुकानदार, पंकज कपूर. त्या माणसाचा राग येता येता त्याची कीव कशी येऊ लागते, ते बघाच.

धाकट्याचा कार्टूनचा हट्टही रास्त आहे, त्याचाही एक रविवार असू द्या. हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' (१९८८) लावा. दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात आणि रानातला एक अगडबंब, मऊ प्राणी त्यांचा मित्र होतो. कुणी खलनायक नाही, मारामारी नाही. शेजारच्या आजी मळ्यातली ताजी काकडी पाण्यात गार करून खायला देतात. त्या मुलींची आई इस्पितळात असते. तुमच्या घरात किंवा जवळच्या नात्यात कुणी आजारी असेल, तर हे लक्षात ठेवून वेळ निवडा. तसंच 'श्वास'चं. तो मोठा सिनेमा आहे यात शंकाच नाही, पण नातवाचा जीव वाचवण्यासाठी त्याचे डोळे काढावे लागणार असतात. दुसरीतल्या मुलाला रात्री झोप लागणार नाही. तीनेक वर्षं थांबा.

दिवाळीत येणाऱ्या भाच्यांसाठीही संवाद नसलेलेच सिनेमे आधी काढा. लाटव्हियाचा 'फ्लो' (२०२४) तुमच्या मुलीने कदाचित ऐकला असेल, त्याला ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं. महापुरात एक मांजर, एक कुत्रा, एक लेमूर, एक पक्षी आणि कॅपिबारा नावाचा अगडबंब उंदरासारखा प्राणी एका नावेत सापडतात. ते माणसांसारखे बोलत नाहीत, आपापल्या आवाजात ओरडतात, बस. सगळी भावंडं एका पातळीवर येतात, कुणाचं मराठी कच्चं म्हणून कुणी मागे राहत नाही. नंतर इंग्रजी अक्षरांसह 'एलिझाबेथ एकादशी' लावा. फक्त कृपा करून सिनेमाचा मराठीचा तास करू नका. 'याचा अर्थ सांग बघू' असं पहिल्यांदा विचारलंत की ती मुलं हातून गेलीच. आपल्या मुलांनाही 'यातून काय शिकलात?' विचारू नका. बोलायचं असेल तर ती जेवताना आपणहून बोलतील.

तुमच्या यजमानांचं म्हणणंही मी पूर्ण खोडून काढणार नाही. दर रविवारी सक्तीने बसायचं म्हटलं की त्याचा जाच होतो. महिन्यातून दोनदा पुरे. सिनेमा शक्यतो दीड तासाचा, साडेसहाला सुरू करून जेवणाआधी संपेल असा. सासऱ्यांना मध्ये उठावं लागतं, तेव्हा न कुरकुरता थांबवायचा. वीस मिनिटांत तिघांना तरी नको वाटलं, तर बंद करायचा आणि त्याचा राग मानायचा नाही. कुठला सिनेमा कुठे मिळतो हे सारखं बदलत असतं, म्हणून शनिवारीच अधिकृत ठिकाणी शोधून, चालतोय ना ते बघून ठेवा. रविवारची ती शोधाशोध सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते, आणि माणसं पांगतात ती तेव्हाच.

आणि निवडीचा हक्क पाळीपाळीने द्या. पहिल्या दोन वेळा तुम्ही निवडा, तिसऱ्यांदा मुलगी, मग सासूबाई, असं करत सगळ्यांपर्यंत पोचा. मुलगी एखादा धांगडधिंग्याचा, तुम्हाला मुळीच न झेपणारा सिनेमा निवडेल. तिच्या पाळीला तोच लागला पाहिजे. धाकट्याच्या वयाचा टप्पा तेवढा पाळायला सांगा, बाकी मत देऊ नका. त्या दिवशी तुम्ही कुकर आधीच लावून ठेवा आणि तिच्या शेजारी शेवटपर्यंत बसा.